वहिनीचा खोटा फोटो गावच्या ग्रुपवर फिरतोय, अर्ज मागे घ्यावा का?

तुमच्या वहिनी ग्रामपंचायतीला उभ्या आहेत, त्यांचा चेहरा लावलेला अश्लील फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय आणि घरचे म्हणतात अर्ज मागे घे. अजिबात घेऊ नका.

मी कर्नाटकातल्या, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातली. माझ्या जावेनं ग्रामसभेत पाण्याच्या टाकीचा हिशेब मागितला आणि आठवड्यात तिचा असाच फोटो आला. हिशेबाबद्दल त्यात अवाक्षर नाही. मराठी ग्रुपवर खाली लिहिलेलं, 'कन्नडवाल्यांना सामील'. कन्नड ग्रुपवर त्याच फोटोखाली 'समितीची बाई', म्हणजे सीमाभाग महाराष्ट्रात मागणाऱ्या एकीकरण समितीची. सासऱ्यांनी जेवण सोडलं. दीर म्हणाले, "आता पुरे झालं की." फोटो खोटा आहे हे गावाला पटवण्यात आम्ही तीन दिवस घालवले, आणि तीच आमची चूक. तो फोटो गावासाठी नव्हताच, आमच्या घरासाठी होता. कर्नाटकात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. जिला मतांनी पाडता येत नाही तिला घरच्यांच्या हातून बसवायचं. पैसे खाल्ल्याचा आळ कागद दाखवून खोडता येतो. चारित्र्यावरच्या आळाला कुठला कागद दाखवणार?

म्हणून आधी घर सांभाळा, मग तक्रार. फोटो लगेच डिलीट करायला लावू नका. नंबर, तारीख, वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या आणि ज्याच्याकडे आला त्याचा मोबाईल तसाच ठेवा. आयटी कायद्याच्या कलम 67 खाली पहिल्या गुन्ह्याला 3 वर्षांपर्यंत कैद आहे, आणि पुढे ढकलणाराही त्यात येतो. हे ग्रुपवर एकदा स्पष्ट सांगा, वाद घालू नका. फेसबुकवर गेला असेल तर तिथेही तक्रार करा. असा फोटो तक्रार मिळाल्यापासून त्यांना जास्तीत जास्त 2 तासांत काढावा लागतो.

आमच्या प्रकरणात नंबर चंदगडकडचा निघाला, तर इथल्या पोलीस ठाण्यात म्हणाले, "महाराष्ट्रात जावा." ऐकू नका. 1 जुलै 2024 पासूनच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम 173 प्रमाणे, गुन्हा कुठेही घडलेला असो, तक्रार घ्यावीच लागते. ती कन्नडमध्ये लिहितील. वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका, आणि प्रत मागा, ती फुकट मिळते.

आणि उद्या वहिनी प्रचाराला निघतील तेव्हा घरातला थोरला माणूस त्यांच्या बरोबरीनं चालू दे, भर पेठेतून. आमचे सासरे चौथ्या दिवशी जावेसोबत पंचायतीच्या पायरीपर्यंत गेले, आणि बैठक संपेपर्यंत तिथंच बसून राहिले.