अ‍ॅनोडाइज्ड पाटी बाहेर लावणार असाल तर

"अ‍ॅनोडाइज्ड आहे, काही होत नाही," असं दुकानदार म्हणेलच. अ‍ॅनोडाइज्ड म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर विजेच्या साहाय्याने ऑक्साइडचा टणक थर चढवलेला. तुम्ही हा थर किती मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ते विचारा. घरातल्या पाटीला 5-10 चालून जातो. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत मात्र 25 मायक्रॉन थराचा, नीट सीलिंग केलेलाच (म्हणजे थराची बारीक छिद्रं बुजवलेलाच) पत्रा घ्या.

खरी गोम रंगात आहे. डायमध्ये (रंगाच्या द्रावणात) बुडवून दिलेले बरेचसे भडक रंग उन्हात विटतात, मग थर कितीही चांगला असो. काळा किंवा ब्राँझ रंग कथिलाच्या क्षारांनी, विजेवर चढवलेला असेल तर वर्षानुवर्षं हलत नाही. गिऱ्हाइकाला लालच हवा असेल तर आधीच बजावून ठेवा, नंतर वाद नको.

कोरताना सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेसर रंग घालवतो, थर बहुतेक शाबूत राहतो. कटरने कोरलंत की खालचं अ‍ॅल्युमिनियम उघडं पडतं आणि समुद्राकाठी त्या रेघांत पांढरी भुकटी धरते. म्हणून अक्षरांत इनॅमल भरा. स्क्रू स्टेनलेसचे, वॉशर नायलॉनचे.

आणि गवंडीकाम आटपेपर्यंत पाटी लावूच नका. ओल्या सिमेंटचा शिंतोडा उडाला तर डाग कायमचा. पुसायला साबणाचं पाणी पुरे, अ‍ॅसिड अजिबात नको.