स्ट्रोकर बुलेट: आधी कोणता पार्ट?

प्रश्न: जुन्या कास्ट आयर्न बुलेट ३५० चा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ९० वरून ९६ मिमी करायचाय, म्हणजे ती ‘स्ट्रोकर’ करायचीय. पहिलंच काम आहे. सुरुवात कशापासून करू?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर: क्रँकपासून (पिस्टनला वर-खाली हलवणारा फिरता दांडा), कारण स्ट्रोक तोच ठरवतो. पिस्टन आधी आणून ठेवलात तर हमखास फसाल. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७० मिमीच ठेवला तर ३४६ चे साधारण ३७० सीसी होतात. पण वाढीव ६ मिमी अर्धे वर, अर्धे खाली जातात; म्हणजे पिस्टन ३ मिमी जास्त चढून हेडला (सिलिंडरच्या वरच्या झाकणाला) आपटणार. मग गजन पिनचं (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनचं) भोक ३ मिमी वर असलेला पिस्टन घ्या, नाहीतर तेवढा आखूड रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा), नाहीतर बॅरलखाली (सिलिंडरखाली) ३ मिमीची प्लेट. आखूड रॉड पिस्टनला बाजूला रेटतो, बॅरल लवकर झिजतो. प्लेट स्वस्त, पण पुशरॉडही (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या काड्या) लांब लागतात. नवख्याने पिस्टनच बदलावा.

खाली पिस्टनचा स्कर्ट (खालची कड) क्रँकच्या फ्लायव्हीलच्या (जड चाकांच्या) जवळ येतो: प्लेटने ३ मिमी, बाकी दोन्हींत ६ पर्यंत. पिस्टनच्या माथ्यावर प्लॅस्टिसिन (मुलांची खेळायची माती) थापून हेड घट्ट बसवा, क्रँक हाताने दोन फेरे फिरवा, मग प्लॅस्टिसिन कापून जाडी मोजा. हेडपाशी १ मिमीहून कमी नको, व्हॉल्व्हपाशी दीड-दोन हवेच.

घासलेला बॅरल तेल फासूनच ठेवा. आपल्या पावसात एका रात्रीत गंज धरतो. आणि सीसी वाढवण्याआधी वाहतूक खात्यात विचारा: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करू देत नाही.