इंग्लंडमध्ये जीपीची (म्हणजे फॅमिली डॉक्टरांची) वेळ मिळवण्यासाठी सकाळी आठलाच फोन का करावा लागतो? यात काही सुधारणा झाली आहे का?
अनेक दवाखाने त्या दिवसाच्या वेळा सकाळी आठलाच खुल्या करत असल्यामुळे सगळे रुग्ण एकदमच फोन लावतात आणि ‘आपण रांगेत विसावे आहात’ हे ऐकत बसतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून मात्र तातडीची नसलेली विचारणा ऑनलाइन करण्याची सोय कामाच्या दिवशी सकाळी ८ ते सायंकाळी ६.३० सुरू ठेवणे बंधनकारक झाले आहे. शिवाय घसादुखी, नागीण यांसारख्या सात तक्रारींवर, निकषांत बसल्यास, फार्मासिस्टच २०२४ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीविना औषध देतो. तरीही मधुमेहासारखे जुने दुखणे असेल, तर चार दिवस थांबून नेहमीच्याच डॉक्टरांची वेळ मागावी, असे माझे मत आहे. नव्या डॉक्टरांना सगळे पहिल्यापासून सांगण्यातच दहा मिनिटांची भेट संपते.