रोजचे तेच ते आयुष्य जगताना छोट्या गोष्टींतला आनंद नेमका सापडतो कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की, ‘छोट्या छोट्या गोष्टींत आनंद शोधा’ हे सगळेच सांगतात, पण तीच भांडी, तोच रस्ता आणि तेच काम यांत शोधायचे तरी काय, हे कोणीच सांगत नाही. प्रश्न रास्त आहे. त्या उपदेशातच एक खोट आहे असे माझे मत आहे. आनंद शोधायला म्हणून निघालेल्या माणसाचे सगळे लक्ष आपल्याला बरे वाटू लागले की नाही याकडेच लागून राहते आणि समोरची वस्तू बघायची राहूनच जाते. त्यापेक्षा एखाद्या क्षुल्लक प्रश्नाच्या मागे लागावे. आनंद बहुतेक वेळा त्या प्रश्नाबरोबर आपसूक येतो. मात्र असा प्रश्न पडण्यासाठी त्या गोष्टीबद्दल आधी थोडेसे ठाऊक असावे लागते, आणि माझ्या उत्तराचा सगळा भर या ‘थोडेसे ठाऊक असण्या’वर आहे.

आधी हे मान्य करू की रोजच्या गोष्टी न दिसणे हा तुमचा दोष नव्हे. रेमंड निकर्सन आणि मॅरिलिन अ‍ॅडम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या लोकांना त्यांच्याच चलनातले एक सेंटचे नाणे आठवून काढायला सांगितले होते. आयुष्यभर ते नाणे हाताळलेल्या लोकांनाही त्यावरची चित्रे आणि अक्षरे योग्य जागी काढता आली नाहीत. नाणे ओळखण्यासाठी जेवढे लागते तेवढेच मन टिपून घेते आणि बाकीचे सोडून देते. तसे केले नाही तर दिवसाची कामेच उरकणार नाहीत. सवयीची दुसरी बाजू अधिक बोचरी आहे. १९७८ मध्ये फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या रकमेची लॉटरी लागलेल्या २२ जणांची पाहणी केली, तेव्हा गप्पागोष्टी, न्याहारी, एखादा विनोद ऐकणे अशा साध्या गोष्टींतून त्यांना मिळणारा आनंद इतरांपेक्षा कमी असल्याचे आढळले. पाहणी लहान होती आणि तिच्यावर फार मोठा डोलारा उभा करू नये, पण काहीतरी मोठे घडले की रोजचे जगणेही गोड लागेल, ही आपली समजूत तपासून पाहायला ती पुरेशी आहे.

मग कुतूहल जागे होते कशाने? अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज लोवेन्स्टाइन यांनी १९९४ मध्ये मांडलेला विचार मला सर्वांत पटतो. आपल्याला जे ठाऊक आहे आणि जे जाणून घ्यावेसे वाटते, त्यांतली फट जाणवली की कुतूहल निर्माण होते, असे ते म्हणतात. ज्या विषयाची काहीच माहिती नाही त्यात फटही दिसत नाही, त्यामुळे तिथे कंटाळाच येतो. म्हणून ‘डोळे उघडे ठेवा’ एवढे सांगून भागत नाही. डोळे उघडेच असतात. काय बघायचे याचा धागा हाती नसतो.

असा एक धागा चहाच्या कपात आहे. तळाशी थोडी पाने उरलेला कप चमच्याने गोल ढवळा, चमचा बाहेर काढा आणि पाहत राहा. फिरणाऱ्या पाण्यात जड वस्तू बाहेरच्या बाजूला फेकल्या जातात असे आपण शाळेत शिकलेलो असतो, त्या हिशेबाने पाने कपाच्या कडेला जायला हवीत. प्रत्यक्षात पाण्याचा वेग मंदावत जातो तशी ती तळाच्या मधोमध सरकतात आणि तिथे छोटासा ढीग करून थांबतात. इथे थोडे अडखळायला होते, आणि ते अडखळणेच मोलाचे आहे. कारण असे की, फिरणारे पाणी कडेला किंचित वर चढते आणि मध्ये खोलगट होते, त्यामुळे कडेजवळचा दाब मध्यापेक्षा जास्त असतो. वरच्या थरांत फिरण्यामुळे येणारी बाहेर जाण्याची ओढ आणि हा दाब यांची बरोबरी होते. तळाला घासून जाणारे पाणी मात्र हळू फिरते, त्याची बाहेरची ओढ कमी पडते, आणि दाब त्याला मध्याकडे ढकलतो. जाताना ते पानांनाही ओढून नेते आणि मध्यावरून स्वतः वर चढते. जड पाने खालीच राहतात. अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९२६ मध्ये याच कपाचे उदाहरण घेऊन नद्यांची वळणे कशी वाढत जातात हे समजावले होते: वळणावर पाण्याचा असाच आडवा प्रवाह तयार होतो, बाहेरचा काठ कापला जातो आणि आतल्या काठाशी गाळ साचतो. सापेक्षतेचा सिद्धांत मांडून जगप्रसिद्ध झालेल्या माणसाला चहाच्या पानांवर लिहावेसे वाटले, याची मला त्या स्पष्टीकरणापेक्षाही अधिक मजा वाटते.

दुसरा धागा झाडाखालच्या उन्हात मिळेल. दाट पानांच्या झाडाखाली जमिनीवर प्रकाशाचे ठिपके पडतात, ते आपण सगळ्यांनी असंख्य वेळा तुडवलेले असतात. ते गोल किंवा लंबगोल का असतात, हा प्रश्न मात्र सहसा पडत नाही. पानांमधल्या फटी काही गोल नसतात. त्या वाकड्यातिकड्या, टोकदार, कशाही असतात. उत्तर असे की, फट पुरेशी लहान आणि जमीन पुरेशी लांब असली की फटीचा आकार पुसला जातो आणि जमिनीवर उमटते ती सूर्याची प्रतिमा. झाडाखाली आपण सूर्याच्या शेकडो चित्रांवरून चालत असतो. खंडग्रास ग्रहणाच्या वेळी हे सगळे ठिपके एकदम चंद्रकोरीसारखे होतात, तेव्हा कोणाला पुरावा द्यावा लागत नाही. ग्रहण नसतानाही एक गंमत करता येते. सूर्य आपल्यापासून त्याच्या व्यासाच्या साधारण १०८ पट अंतरावर आहे, आणि ठिपक्यालाही तेच प्रमाण लागू पडते. ठिपका लंबगोल असेल तर त्याची अरुंद बाजू मोजायची आणि १०८ ने गुणायचे. पाच सेंटिमीटरचा ठिपका असेल, तर ज्या फटीतून तो आला ती सूर्यकिरणाच्या रेषेत साधारण साडेपाच मीटर अंतरावर असते. मी हे हिशेब बोटांच्या रुंदीवर करतो, त्यामुळे ते ढोबळच राहतात, पण कोणाची वाट पाहत झाडाखाली उभे राहण्याची वेळ आली की एरवी होणारी चिडचिड होत नाही, हा त्यांचा रोकडा फायदा आहे.

तुम्ही भांड्यांचा उल्लेख केला आहे, म्हणून आग्नेस पॉकेल्स या बाईंविषयी सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८६२ मध्ये जन्मलेल्या पॉकेल्स जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात राहत. त्या काळी तिथल्या विद्यापीठांत मुलींना प्रवेश नव्हता आणि घरी आजारी आईवडिलांची शुश्रूषा त्यांच्याकडेच होती. भांडी धुताना साबणामुळे आणि तेलकटपणामुळे पाण्याच्या पृष्ठभागाचे वागणे कसे बदलते, हे त्यांनी हेरले, आणि हेरून सोडून दिले नाही. पत्र्याच्या पन्हळीत काठोकाठ पाणी भरून त्यावर एक धातूची पट्टी आडवी सरकवायची, म्हणजे पृष्ठभागावरचा थर हवा तसा दाबता किंवा पसरवता येतो. मग एक लहानशी चकती पाण्यावरून उचलायला किती जोर लागतो ते तराजूने मोजायचे, असे साधन त्यांनी स्वतः घडवले. १८९१ मध्ये त्यांनी आपली निरीक्षणे इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांना पत्राने कळवली, आणि रॅली यांनी ते पत्र ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आणले. पुढे अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्युअर यांनी याच पद्धतीला पुढे नेले, आणि त्यांना पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ही कथा भांडी घासण्याचा महिमा गाण्यासाठी सांगत नाही, कारण ज्या समाजाने त्यांना प्रयोगशाळेऐवजी मोरीपाशी बसवले त्याचे कौतुक करण्यासारखे काही नाही. पण त्यांनी काय पाहिले असेल याची चुणूक घरी मिळते. ताटलीत पाणी घेऊन त्यावर मिरपूड भुरभुरवा आणि साबण लावलेल्या बोटाचे टोक मध्यभागी टेकवा. पूड क्षणात कडेकडे पळते, कारण साबणाने मधल्या पृष्ठभागाचा ताण कमी होतो आणि बाहेरचे न बिघडलेले पाणी पृष्ठभागाला आपल्याकडे खेचून घेते.

कारण कळल्यावर गंमत संपते, अशी एक तक्रार ऐकू येते. मला तसे कधी वाटले नाही. स्पष्टीकरण वाचण्याची घाई केली तर मात्र गंमत नक्कीच संपते, आणि हल्ली खिशातला फोन ती घाई करायला लावतो. प्रश्न पडताच उत्तर शोधू नये. आधी स्वतःचा एक अंदाज बांधावा, जमल्यास तो पडताळून पाहावा, दोनचार दिवस तसाच राहू द्यावा. अंदाज चुकला तर उत्तर अधिकच चांगले लक्षात राहते. त्याच कारणाने रोजच्या आनंदांची वही ठेवा, छायाचित्रे काढा, ठराविक संख्येने नोंदी करा, असले नियम मी सुचवणार नाही. काहींना ते मानवतात. माझ्या बाबतीत नोंद करणे हेच एक आणखी काम होऊन बसते.

एक गोष्ट या सगळ्यापासून वेगळी ठेवली पाहिजे. पूर्वी ज्यात मन रमत होते त्यातही दोन-दोन आठवडे काहीच वाटेनासे झाले असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर तो कुतूहलाचा अभाव समजून स्वतःला कामाला जुंपू नये. डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोलावे. तिथे चहाच्या पानांचा उपयोग नाही.

सुरुवात कुठून करावी असे विचाराल, तर मी कानापासून करायला सांगेन, कारण डोळ्यांना सवय फार लवकर लागते. बाटली नळाखाली भरताना आपण न बघताही वेळेवर नळ बंद करतो, कारण आतली हवेची पोकळी आखूड होत जाते तसा आवाज चढत जातो. हे आपल्याला येते, पण येते हे ठाऊक नसते. ते एकदा नीट ऐकले की पुढचे थोडे अवघड आहे. कपभर गरम पाण्यात झटपट विरघळणारी कॉफी घालून ढवळा आणि लगेच कपाच्या तळाशी चमच्याने ठकठक करत राहा. आवाज आधी खालचा येतो आणि काही सेकंदांत चढत चढत बराच वर जातो. पाण्यात मिसळलेल्या बारीक बुडबुड्यांमुळे ध्वनीचा वेग घटतो आणि बुडबुडे निघून गेले की तो पुन्हा वाढतो, असे स्पष्टीकरण भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक क्रॉफर्ड यांनी १९८२ मध्ये दिले. पुन्हा जोराने ढवळले तर आवाज परत खाली येतो का, आणि साध्या गरम पाण्यात किंवा साखर घालताना तसेच होते का, हे मात्र मी इथे सांगत नाही. ते तुम्हीच करून पाहा.