बायबलमधून रोजच्या कामाला प्रेरणा मिळते म्हणजे काय होतं? एका बोर्ड पेंटरचं उत्तर

तुमचा प्रश्न वाचला. तुम्ही चित्रं काढता, रविवारी चर्चला जाता, घरी शास्त्रही वाचता, पण या दोन गोष्टींची गाठ पडत नाही. पोटासाठी लग्नपत्रिका आणि मुखपृष्ठं करता. देवासाठी म्हणून काही काढायला बसलात की कबुतर, मेणबत्ती आणि क्रूस यांच्यापुढे हात जात नाही, आणि तेही उसनं वाटतं. तेव्हा विश्वासातून, वचनातून कामाला प्रेरणा मिळते म्हणजे काय होतं, हे कुणी स्वतःच्या अनुभवातून सांगेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी पाळक नाही की सेमिनरीत शिकलेला नाही. नगरचा बोर्ड पेंटर आहे. (सरकारी कागदावर आता अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच.) वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, तेही हेच करायचे. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, निवडणुकीच्या भिंती, आणि डिसेंबर लागला की चर्चमधली वचनं. फ्लेक्स आला आणि ब्रशचं काम बसलं. आज माझा अर्धा दिवस कॉम्प्युटरवर वाढदिवसाच्या शुभेच्छा जुळवण्यात जातो. एका साहेबांच्या भोवती चाळीस कार्यकर्त्यांचे फोटो बसवायचे, आणि कुणाचंही डोकं कुणापेक्षा लहान दिसता कामा नये. 'सर्जनशील' हा शब्द याला कितपत लागतो ते तुम्हीच ठरवा.

मला वाटतं तुम्ही बायबलमध्ये चित्राचा विषय शोधताय. मी त्यात माझा धंदा शोधला, आणि तो सापडला.

लोकांच्या घरात भिंतीवर तेविसावं स्तोत्र असतं, नाहीतर योहान तीन-सोळा. नानांचं वचन होतं हबक्कूक दोन-दोन. हबक्कूक हा जुन्या करारातला तीन अध्यायांचा संदेष्टा. त्याच्यावर उपदेश ऐकल्याचं मला फारसं आठवत नाही. त्याला देव सांगतो, तुला दिसलं ते पाट्यांवर लिही, इतकं स्पष्ट लिही की धावत्यालाही वाचता यावं. अभ्यासक या ओळीचे वेगवेगळे अर्थ लावतात. नानांच्या लेखी अर्थ एकच: एसटीच्या खिडकीत बसलेल्या माणसाला वाचता आलं पाहिजे. पाटी पुरी झाली की ते रस्ता ओलांडून पलीकडे जायचे आणि तिच्याकडे न बघता भराभर चालत यायचे. मधेच एकदा मान वळवायची. तेवढ्यात नाव वाचून झालं तर ठीक, नाहीतर टर्पेंटाइनचं फडकं. एकदा 'खत भांडार' लांबून 'रवत भांडार' दिसलं. 'ख'चा पाय नीट जुळला नव्हता. मालक म्हणाला, "राहू द्या हो नाना, कळतंय." नाना म्हणाले, "तुम्हाला कळतंय, कारण तुम्ही थांबलाय." आणि पुसलं. त्या दुपारी मला जेवायला चार वाजले, म्हणून हा प्रसंग जास्तच लक्षात आहे.

त्या वचनावर मी आजवर एकही चित्र काढलेलं नाही. पण दोन अक्षरांमध्ये जागा किती सोडायची, पिवळ्यावर लाल द्यायचा की काळा, हे अजून त्याच्याच जोरावर ठरतं.

एकदा ही नजर बसली की शास्त्रात आपल्या धंद्याची माणसं दिसायला लागतात. गुड फ्रायडेला क्रुसावरच्या सात उद्गारांवर उपदेश चालू असतात तेव्हा माझं लक्ष येशूच्या डोक्यावरच्या पाटीवर असतं. योहानाच्या शुभवर्तमानात, एकोणिसाव्या अध्यायात आहे. इब्री म्हणजे हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक. एक फळी, तीन भाषा, आणि घाईचं काम. पाटी पिलाताने, म्हणजे तिथल्या रोमन सुभेदाराने, लिहिली असं शास्त्रात आहे, पण एवढा मोठा अधिकारी हातात ब्रश धरत नसतो. माझी आपली समजूत, कुणाकडून तरी रंगवून घेतली असणार. पुढचं तर थेट आमच्या दुकानातलं. मुख्य याजक येतात आणि मजकूर बदलायला सांगतात: 'यहुद्यांचा राजा' नको, 'मी यहुद्यांचा राजा आहे असं हा म्हणाला' असं करा. पिलात म्हणतो, मी लिहिलं ते लिहिलं. तीस वर्षांत हे वाक्य मला एकाही गिऱ्हाइकाला म्हणता आलेलं नाही. त्यावर हसून झालं की मात्र तो पेंटर डोळ्यांसमोर येतो. मजुरी खिशात टाकून घरी गेला असेल, हात धुतले असतील. टिंगल म्हणून दिलेला मजकूर त्याने जसाच्या तसा लिहिला, आणि आम्ही दोन हजार वर्षं तो खरा मानून वाचतोय.

येशूने स्वतः काही लिहिल्याचं शुभवर्तमानांत एकाच ठिकाणी येतं. व्यभिचारात धरलेल्या बाईला समोर उभी केलीय, लोक दगड मारायच्या बेतात आहेत, आणि हा खाली वाकून बोटाने जमिनीवर लिहितोय. काय लिहिलं ते सांगितलेलंच नाही. मला त्यातलं वाकणं उपयोगी पडलं. गिऱ्हाईक अंगावर आलं की मी खडू घेतो, खाली बसतो आणि रेघ मारायला लागतो. निम्मी भांडणं तेवढ्यात विरतात.

तुम्ही चित्रकार आहात, तर जुन्या करारातल्या निर्गमचे ३१ ते ३६ अध्याय सलग वाचा, बसालेल या कारागिरासाठी. निवासमंडपाचं, म्हणजे मोशेच्या काळातल्या देवाच्या तंबूचं, काम त्याच्याकडे होतं. सोनं, चांदी, पितळ, रत्नं कोंदणात बसवणं, लाकडावरचं कोरीवकाम. देव म्हणतो, याला मी माझ्या आत्म्याने भरलंय, आणि पुढे अक्कल, ज्ञान आणि कारागिरी यांची नावं घेतो. भविष्य सांगायला किंवा लढाई मारायला नव्हे, सुतारकी आणि सोनारकी करायला. त्याच्या थोडं आधी, २८व्या अध्यायात, याजक अहरोनाची वस्त्रं शिवणाऱ्यांबद्दलही असंच म्हटलंय. माझी बायको ब्लाऊज शिवते. तिने ते वचन पेन्सिलीने अधोरेखित केलंय आणि मला दाखवून ठेवलंय. आणि ३६व्या अध्यायात एक अशी गोष्ट आहे की आपल्याकडच्या कुठल्याही मंडळाचा माणूस विश्वास ठेवणार नाही. वर्गणी इतकी जमली की कारागीरच मोशेकडे जाऊन म्हणाले, आता बस करा. मग छावणीभर दवंडी देऊन लोकांना थांबवावं लागलं.

या दोन्हींच्या मधोमध, ३२व्या अध्यायात, सोन्याचं वासरू आहे. तेही कारागिरीनेच घडवलेलं, लोकांनी कानातलं काढून दिलेल्या सोन्याचं. म्हणजे हातात कला आहे एवढ्याने काही सिद्ध होत नाही.

कबुतर आणि क्रूस उसना वाटतो म्हणालात, त्यावर एक नाव सांगतो. आंजेलो दा फोन्सेका. १९०२ साली गोव्यात जन्मले, शांतिनिकेतनात शिकले, पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून काम केलं, १९६७ साली गेले. त्यांच्या चित्रातली मरिया, येशूची आई, साडी नेसते. तेव्हा ते पुष्कळांना रुचलं नाही, गोऱ्या मरियेची सवय झालेल्या डोळ्यांना ती परकी वाटली. पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये त्यांची चित्रं आहेत, गोव्याला गेलात तर वेळ काढा. मला त्यांची रेघ आवडते. रंग कधीकधी जरा जास्तच शांत वाटतात, पण मी दुकानाच्या पाट्या रंगवणारा माणूस, माझ्या मताला किती धरायचं ते बघा.

अक्षरवाल्याला आणखी एक माणूस जवळचा वाटतो. फादर थॉमस स्टीफन्स. इंग्लंडचा, १५७९ साली गोव्याला आला तो इथलाच झाला, आणि ख्रिस्ताची गोष्ट मराठी ओवीत लिहून बसला. फुलांत मोगरी, सुवासांत कस्तुरी, तशी भाषांत मराठी, असं त्यात म्हणतो. शाळेत हे थोडंफार सगळ्यांच्या कानावरून जातं. मला त्याचं १६०८ सालचं पत्र जास्त लागलं. त्यात तो वरिष्ठांना लिहितो की इथली पुस्तकं इथल्याच लिपीत छापावीत अशी फार वर्षांची इच्छा आहे, पण त्यासाठी सहाशे साचे पाडावे लागतील, आपल्या युरोपातल्या चोवीस अक्षरांसारखं ते सोपं नाही. सहाशे! काना, मात्रा, वेलांटी, उकार, वर जोडाक्षरं. त्याने हिशोब केला होता, म्हणजे कधीतरी बसून आपली बाराखडी मोजली होती. जमलं नाही. १६१६ साली ती ओव्यांतली गोष्ट, ख्रिस्तपुराण, गोव्यातल्या राचोलला रोमन लिपीत छापली गेली. पुढे तीनशे वर्षांनी केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल साध्या मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, आणि १९२४ साली ते त्यांच्या मुक्ती मिशनच्याच छापखान्यात छापून झालं. खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवणाऱ्या तिथल्याच बायका-मुली. दुष्काळातून, विधवापणातून आलेल्या, अक्षरओळखही तिथेच झालेल्या. खिळा जुळवताना अक्षर उलटं वाचावं लागतं. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत त्यांनी सगळं उलटं वाचलं. ते काम मी हाती अक्षर काढताना आठवतो.

आता रोजचं. इथे मी काही फार उजळ माथ्याने बोलू शकत नाही. एका हॉटेलवाल्याने पाटीवर 'स्थापना १९६५' लिहायला सांगितलं. ते हॉटेल मी २००३ साली उघडताना पाहिलंय, उद्घाटनाचे पेढे खाल्लेत. नीतिसूत्रांतली खोट्या तराजूची ओळ तोंडपाठ असून मी १९६५ लिहिलं. दिवाळी तोंडावर होती. त्या रस्त्याने जाताना अजून मी तिकडे बघत नाही, आणि नानांच्या हिशोबाने पाटी चांगलीच झालीय, धावत्याला वाचता येते. त्यानंतर असं लिहायला दोनदा नाही म्हणालो. एकाने दुसरा पेंटर पाहिला. दुसरा म्हणाला, बरं, साल राहू द्या.

शेवटी, ज्याची लाज वाटायला हवी पण वाटत नाही असं एक काम. तेरा-चौदा वर्षं झाली. तालुक्यातलं छोटं चर्च, नाताळच्या आदली संध्याकाळ. वेदीमागच्या भिंतीवर तेविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ दोन भागांत लिहायची होती. वरची ओळ, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे', मी नानांच्या पद्धतीने केली. मध्य काढला, सूत मारलं, खडूने दोन्हीकडे मोजलं. तोवर लाइट गेली. खाली बायका फरशी धूत होत्या, पोरं पताका लावत होती, सगळे माझी शिडी हलायची वाट बघत होते. दुसरी ओळ मी बॅटरीच्या उजेडात अंदाजाने डावीकडून सुरू केली. हात सैल सुटला, अक्षरं रुंदावत गेली. 'मला काही उणे पडणार' एवढं झालं आणि भिंत संपली.

शिडीवरून उतरून लांब गेलो तेव्हा कळलं. लाइटही नेमकी तेव्हाच आली. पताकावाल्या पोरांनी मोठ्याने वाचलं आणि लोळायची बाकी राहिली. इनॅमल भिंतीत बसलं होतं, पुसायला गेलो तर गुलाबी डाग पसरणार. मग कोपऱ्यात, 'र'च्या खाली, वितीएवढ्या जागेत बारीक ब्रशने 'नाही' लिहिलं. पाळकसाहेब काही बोलले नाहीत. फरशी पुसणाऱ्या एक आजी कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "देवानं तुलाच जागा उणी पाडली की रे!"

गेल्या वर्षी त्या चर्चला रंग काढला, तेव्हा मलाच बोलावलं. आजी आता नाहीत. या वेळी दिवसाउजेडी गेलो, टेप लावली, दोन्ही ओळी मधून बाहेर मोजल्या. रांगेत सगळी अक्षरं बसली, दाराबाहेरून चालत येताना वाचता येतात. फक्त रंग मारायच्या आधी पाळकसाहेब, हे नवे आहेत, म्हणाले की मंडळीचं म्हणणं आहे, कोपरा तेवढा सोडा. सोडला. त्यामुळे आता त्या भिंतीवर 'नाही' दोनदा आहे.