नवीन घर, पहिलंच हॅलोवीन? मग हे आधी करून घे

अरे, अमेरिकेत स्वतःच्या घरातलं पहिलं हॅलोवीन म्हणजे ३१ ऑक्टोबरला अंधार पडला की भुताखेतांचे वेष घातलेली अनोळखी पोरं गोळ्या-चॉकलेट मागायला थेट तुझ्या पायऱ्यांवर येणार, आणि पोर्चचा लाइट चालू ठेवलास म्हणजे तू त्यांना या म्हणतोयस असाच अर्थ होतो, त्यामुळे कोणी पडलं तर तू पायऱ्या नीट ठेवल्या होत्यास का हा प्रश्न येतोच. नको असेल तर लाइट बंद ठेव, कोणी वाईट मानत नाही.

सगळ्यात जास्त लक्ष पायऱ्यांकडे दे. ओली पानं भयंकर घसरतात, दुपारीच झाडून काढ. हलणारा कठडा, उखडलेली फरशी, बागेतला पाण्याचा पाइप, डेकोरेशनच्या वायरी, यातलं काहीच वाटेत नको, कारण मास्क घातलेल्या मुलाला पायाखालचं दिसतच नाही. सजावटीच्या कोरलेल्या भोपळ्यात मेणबत्ती अजिबात नको, पोरांचे लांब झगे पटकन पेट घेतात, बॅटरीवाला दिवा लाव. कुत्रा कितीही गरीब असला तरी आतल्या खोलीत, दार लावून.

होमओनर्स इन्शुरन्सचे कागद आत्ताच काढ. त्यात पर्सनल लायबिलिटी, म्हणजे तुझ्या चुकीमुळे कोणाला इजा झाली तर भरपाईसाठी मिळणारं संरक्षण, किती आहे बघ, बऱ्याच पॉलिसीत ती १,००,००० डॉलरपासून सुरू होते. मेडिकल पेमेंट्स वेगळं असतं, त्यात चूक कोणाची हे न बघता पाहुण्याच्या किरकोळ उपचाराचा खर्च निघतो.

आणि कोणी पडलंच तर आधी मुलाला बघ, आईवडिलांना बोलव, जागेचे फोटो काढ आणि दुसऱ्याच दिवशी एजंटला कळव.