अमेरिकेत ज्युनियर कॉलेजमध्ये फुटबॉलचा (म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हाताने चेंडू फेकून खेळतात तो) एकच सीझन खेळून मोठ्या विद्यापीठात जाता येतं का?

हो, येतं, आणि सर्वात ठळक उदाहरण कॅम न्यूटनचं आहे. (इथलं ज्युनियर कॉलेज म्हणजे आपली अकरावी-बारावी नव्हे, शाळा संपल्यानंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम.) फ्लोरिडा विद्यापीठ सोडून तो टेक्सासच्या ब्लिन कॉलेजात आला, 2009 चा सीझन खेळला आणि अंतिम सामन्यात फोर्ट स्कॉट कॉलेजला 31–26 हरवून संघ राष्ट्रीय विजेता झाला. पुढच्याच वर्षी ऑबर्न विद्यापीठाकडून त्याने हाइसमन ट्रॉफी (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) मिळवली आणि 2011 च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा) सगळ्यात पहिली निवड त्याची झाली. पुढे एनएफएल गाजवणाऱ्या ॲरन रॉजर्सची गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. शाळेनंतर एकाही बड्या विद्यापीठाने त्याला फुटबॉलची शिष्यवृत्ती देऊ केली नव्हती, म्हणून 2002 मध्ये तो घराजवळच्या ब्यूट कॉलेजकडून खेळला. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्रशिक्षक जेफ टेडफर्ड खरं तर त्याच संघातला दुसरा एक खेळाडू हेरायला आले होते. नजर मात्र चेंडू फेकणाऱ्या या पोरावर, म्हणजे रॉजर्सवर खिळली, आणि एकाच सीझननंतर तो त्यांच्या विद्यापीठात गेला.

एक लक्षात ठेवा, नुसत्या खेळावर प्रवेश होत नाही. गुण आणि क्रेडिट्स (प्रत्येक विषय पूर्ण केल्यावर जमा होणारी एककं) विद्यापीठाच्या निकषात बसावी लागतात. त्यामुळे ऑगस्टअखेर सामने सुरू व्हायच्या आधीच कॉलेजच्या समुपदेशकाला भेटून, कोणते विषय पुढे धरले जातील ते लेखी घ्या.